मराठी स्लाइडसाठी फॉन्ट बसवताना: संगणकात, मास्टरमध्ये आणि फाइलीत

घरच्या संगणकावर झकास दिसणारं मराठी प्रेझेंटेशन सभागृहातल्या लॅपटॉपवर उघडलं की मथळा अचानक दोन ओळींत जातो, मजकूर चौकटीबाहेर सांडतो आणि आपण निवडलेल्या अक्षराच्या जागी भलतंच अक्षर दिसतं. मग ‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ असं म्हणून वेळ मारून न्यायची. फॉन्ट संगणकात टाकला की काम झालं, असं आपण धरून चालतो, तिथेच गडबड होते. फॉन्ट तीन ठिकाणी सांगावा लागतो: संगणकाला, स्लाइडच्या मास्टरला (म्हणजे सगळ्या स्लाइड ज्यावरून बनतात त्या साच्याला) आणि शेवटी त्या फाइलीला. पहिली जागा बहुतेकांना जमते. दुसरी फारशी कुणाला माहीत नसते. तिसरी माहीत असते, पण ऐनवेळी राहून जाते.

पुढचं सगळं पॉवरपॉइंट आणि लिब्रेऑफिस इम्प्रेस या दोघांना धरून सांगतो. गूगल स्लाइड्स वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे: फॉन्टच्या यादीत सगळ्यात वर ‘मोअर फॉन्ट्स’ आहे, तिथे ‘स्क्रिप्ट’मध्ये देवनागरी निवडा, हवा तो फॉन्ट घ्या. तिथे काही बसवावं लागत नाही.

आधी जुन्या फॉन्टचा निकाल लावा

कृतिदेव, शिवाजी, किरण किंवा श्रीलिपीतले जुने फॉन्ट वापरून टाइप केलेला मजकूर हाताशी असेल, तर तो तसाच स्लाइडवर आणू नका. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. म्हणजे संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असतो. फॉन्ट बदलला की पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, तो याच कारणाने. आधी कन्व्हर्टरने तो मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) आणा आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि पहिली वेलांटी रूपांतरात हमखास इकडेतिकडे होतात.

कोणता फॉन्ट घ्यावा

नवख्या माणसाला माझं सांगणं एकच: ज्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत असा फॉन्ट घ्या. आपल्या स्लाइडवर इंग्रजी आकडे, संक्षेप, ईमेल पत्ते येतातच. दोन लिप्यांना दोन फॉन्ट लावले की एकीची अक्षरं मोठी आणि दुसरीची बारीक दिसायला लागतात.

‘एक टाइप’ या मुंबईच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मुक्त’ हा त्यासाठी उत्तम. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो, अगदी बारीक एक्स्ट्रालाइटपासून जाड एक्स्ट्राबोल्डपर्यंत ७ वजनांत, म्हणजे जाडींत. मजकुराला रेग्युलर आणि मथळ्याला बोल्ड किंवा सेमीबोल्ड लावला की काम भागतं. त्यांचाच ‘बलू’ गोलसर आणि खेळकर आहे. शाळेच्या कार्यक्रमाला छान, लेखापरीक्षणाच्या अहवालाला नको. पुस्तकी वळण हवं असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ बघा. टिरोने हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी वेगवेगळे फॉन्ट काढलेत, त्यामुळे मराठीचाच घ्या. मात्र त्यात बोल्ड नाही, एवढं लक्षात ठेवा.

यातले बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. म्हणजे कार्यालयात, धंद्यात, छापील कामात कुठेही वापरा, फाइलीत भरून पाठवा, पैसे नाहीत. नुसता फॉन्ट सुटा विकायला तेवढी बंदी आहे.

‘मंगल तर सगळीकडे असतोच’ हा समज आता सोडायला हवा. विंडोज १० पासून मंगल हा मूळ साठ्यात नाही. अपराजिता, कोकिळा, उत्साह यांच्यासोबत तो ऐच्छिक जोड म्हणून येतो. हिंदी किंवा मराठी भाषा जोडली की तो आपोआप उतरतो, त्यामुळे आपल्या यंत्रावर दिसतो. सभागृहाच्या कोऱ्या लॅपटॉपवर तो असेलच असं नाही. तिथे हमखास सापडतो तो निर्मला यूआय. मॅकवर यातलं काहीच गृहीत धरू नका. तिथे कोहिनूर देवनागरी वगैरे मंडळी असतात.

संगणकात बसवणं

विंडोजवर असं करा:

१. गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेली झिप फाइल आधी पूर्ण उघडून घ्या. झिपवर राइट क्लिक, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’. झिपच्या आतूनच फॉन्टवर क्लिक करत बसलात तर पुढे फॉन्ट सापडत नाही म्हणून डोकं धराल.

२. फोल्डरमध्ये टीटीएफ शेपटाच्या फाइली दिसतील. काही फॉन्टांच्या झिपमध्ये सगळी वजनं एकत्र असलेली एक मोठी ‘व्हेरिएबल’ फाइल आणि ‘स्टॅटिक’ नावाचं वेगळं फोल्डर असतं. नोटो सान्स देवनागरीचं असंच आहे. आपल्याला स्टॅटिकमधल्या फाइली हव्यात. पॉवरपॉइंटला व्हेरिएबल फॉन्ट नीट हाताळता येत नाहीत.

३. लागणारी वजनं तेवढी निवडा. रेग्युलर, बोल्ड आणि फार तर सेमीबोल्ड. सगळी बसवली तरी बिघडत नाही, पण फॉन्टची यादी लांबत जाते आणि एकाच फाइलीत पाच जाडीची अक्षरं येऊन बसतात.

४. निवडलेल्या फाइलींवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’. विंडोज ११ मध्ये हा पर्याय दिसला नाही तर ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये पाहा. यासाठी ॲडमिनचा पासवर्ड लागतो. कार्यालयाच्या यंत्रावर तो नसेल तर नुसतं ‘इन्स्टॉल’ करा. मग फॉन्ट फक्त तुमच्या लॉगिनपुरता बसतो.

५. पॉवरपॉइंट किंवा इम्प्रेस उघडं असेल तर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

मॅकवर फाइलीवर डबल क्लिक केलं की फॉन्ट बुक उघडतं, तिथे इन्स्टॉलचं बटण आहे. उबुंटूवरही डबल क्लिकने काम होतं. शिवाय डेबियन आणि उबुंटूच्या भांडारात ‘फॉन्ट्स-देवा’ नावाचं पॅकेज आहे. ते बसवलं की लोहितसकट देवनागरीचे बरेच मुक्त फॉन्ट एका झटक्यात येतात. सिनॅप्टिक या पॅकेज बसवायच्या प्रोग्रॅममध्ये याच नावाने (fonts-deva) शोधा.

फॉन्ट बसला की एक चाचणी घ्या. कोऱ्या स्लाइडवर ही ओळ टाइप करा:

ॲड. दऱ्याखोऱ्या, सूर्य, वाङ्मय, उद्ध्वस्त, कर्तृत्व, हृदय, शृंगार, मुळ्ये, ऑक्टोबर, ₹ ५००

यात तीन जागा बारकाईने पाहा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामी चौकट किंवा भलत्याच फॉन्टचं अक्षर येतं. ‘दऱ्याखोऱ्या’तला अर्धा र आडव्या रेघेसारखा दिसला पाहिजे, त्याच्या जागी रफार आला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्रातला दर्या होतो. आणि रुपयाचं चिन्ह. ते २०१० मधलं आहे, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये नसतंच. अंदाजपत्रकाच्या स्लाइडवर रुपयाच्या जागी चौकट दिसणं बरं नव्हे.

पॉवरपॉइंटच्या मास्टरमध्ये लावणं

ही खरी गोम. पुष्कळजण प्रत्येक स्लाइडवर मजकूर निवडून वरच्या यादीतून फॉन्ट बदलतात. तीस स्लाइड, प्रत्येकीत चार चौकटी. नंतर कुणी एक स्लाइड वाढवली की ती पुन्हा मूळ फॉन्टमध्ये. आणि मूळ फॉन्ट म्हणजे बहुधा मंगल, कारण ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसमोर मंगलचंच नाव लिहून ठेवलेलं असतं. आपण कॅलिब्री निवडलेलं असलं तरी मराठी अक्षरं मंगलमध्ये उमटतात ती याच नोंदीमुळे.

पॉवरपॉइंट फॉन्टची नोंद लिपीनुसार वेगवेगळ्या खान्यांत ठेवतं. रोमनसाठी एक खाना, आणि देवनागरी, अरबी यांसारख्या लिप्यांसाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा दुसरा. दुसरा खाना दिसण्यासाठी आधी ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेज’मध्ये जाऊन लेखनाच्या भाषांत मराठी जोडा आणि पॉवरपॉइंट पुन्हा सुरू करा.

मग ‘व्ह्यू’मधून ‘स्लाइड मास्टर’ उघडा. डावीकडच्या पट्टीत सगळ्यात वरची, आकाराने मोठी स्लाइड हीच मूळ मास्टर. तिच्याखालच्या छोट्या स्लाइड म्हणजे तिचे वेगवेगळे लेआउट. वरच्या मोठ्या स्लाइडवर क्लिक करा. रिबनमध्ये ‘फॉन्ट्स’, त्यात तळाशी ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’. समोर आलेल्या चौकटीत रोमनच्या मथळ्याला आणि मजकुराला मुक्त निवडा, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या दोन्ही खान्यांतही मुक्तच निवडा. संचाला ओळखता येईल असं नाव द्या, जतन करा.

दुसरा खाना दिसलाच नाही, तर वेगळी वाट आहे. त्याच मोठ्या मास्टर स्लाइडवर मथळ्याच्या चौकटीत थोडा मराठी मजकूर टाइप करा, चौकटीच्या कडेवर क्लिक करून ती पूर्ण निवडा आणि ‘होम’मधून फॉन्ट लावा. खालच्या मजकुराच्या चौकटीलाही तेच करा.

मास्टर उघडलंच आहे तर दोन गोष्टी तिथेच उरकून घ्या.

पहिली, ओळींतलं अंतर. ऑफिसच्या थीममध्ये मजकुराचं अंतर ०.९ ठेवलेलं असतं. इंग्रजीला ते शोभतं. मराठीत मात्र वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर जाऊन बसतो. ‘मुळ्ये’खाली ‘कीर्ती’ आली की बघा काय होतं ते. मजकूर निवडून ‘पॅराग्राफ’मध्ये ‘मल्टिपल’ आणि १.१ किंवा १.१५ ठेवा. ओळी थोड्या कमी मावतील, ते चालेल.

दुसरी, अक्षरांमधलं अंतर. बाहेरून घेतलेल्या छानछान टेम्प्लेटमध्ये मथळ्याची अक्षरं मुद्दाम फाकवलेली असतात. रोमनमध्ये ते आधुनिक दिसतं. देवनागरीत शिरोरेखा जागोजागी तुटते आणि ‘महाराष्ट्र’ हा शब्द सुट्या तुकड्यांची रांग होऊन बसतो. ‘होम’मध्ये ‘कॅरेक्टर स्पेसिंग’ हे ‘नॉर्मल’वर आणा. तिरप्या अक्षरांचंही तसंच. मुक्तला इटॅलिक नाही, त्यामुळे पॉवरपॉइंट सरळ अक्षर ढकलून तिरपं करतं. भर द्यायचा असेल तर बोल्ड वापरा किंवा रंग बदला.

मास्टर बंद करून स्लाइडवर परत या. ज्या स्लाइडवर आधी हाताने फॉन्ट लावले होते त्या अजून जुन्याच फॉन्टमध्ये दिसतील. त्या निवडून ‘होम’मधलं ‘रीसेट’ दाबा. सावधान: रीसेटने चौकटीची जागा आणि आकारही मूळ लेआउटप्रमाणे होतो, तेव्हा आधी फाइलीची एक प्रत काढून ठेवा. सुट्या टेक्स्ट बॉक्सवर रीसेट चालत नाही. त्यासाठी ‘होम’मध्ये ‘रिप्लेस’च्या बाणाखाली ‘रिप्लेस फॉन्ट्स’ आहे. तिथे फाइलीत वापरलेल्या फॉन्टांची यादीच मिळते. व्हॉट्सॲपवरून, वर्डमधून, कुणाच्या जुन्या फाइलीतून चिकटवलेल्या मजकुराबरोबर किती पाहुणे आलेत ते तिथे कळतं. एकेकाला मुक्तमध्ये बदला. यापुढे चिकटवताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडण्याची सवय लावून घ्या.

इम्प्रेसमध्ये

इम्प्रेसमध्ये हे काम मला जास्त सरळ वाटतं, कारण दोन खाने उघड दिसतात. मात्र ते आधी चालू करावे लागतात. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, मग ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’ (जुन्या आवृत्तीत ‘लँग्वेज सेटिंग्ज’). तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे खूण करा आणि भाषा मराठी निवडा. मॅकवर हेच सगळं ‘प्रेफरन्सेस’मध्ये आहे.

भाषा मराठी निवडण्याचा आणखी एक फायदा आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा पाहून फॉन्ट त्यांतलं एक पुढे करतो. भाषा हिंदी राहिली तर तुमच्या ‘शाळा’ आणि ‘लेखन’ या शब्दांना हिंदी वळण येतं. वाचता येतं, पण मराठी शिक्षकांसमोर दाखवणार असाल तर पहिली टिप्पणी त्यावरच होईल.

आता ‘व्ह्यू’मधून ‘मास्टर स्लाइड’. मथळ्याची चौकट निवडा, ‘फॉरमॅट’मधून ‘कॅरेक्टर’ उघडा. पाश्चात्त्य लिपीचा एक आणि कॉम्प्लेक्स लिपीचा एक असे दोन खाने दिसतील. दोन्हींत मुक्त. आकारही दोन्हीकडे स्वतंत्रपणे द्यावा लागतो. ‘मी आकार ४० केला तरी मराठी बदलतच नाही’ ही तक्रार ऐकू येते ती इथलीच. आकडा पाश्चात्त्य खान्यात बदललेला असतो. खालच्या मजकुराच्या चौकटीत आत क्लिक करून सगळ्या पातळ्या एकदम निवडा आणि तसंच करा. मागच्या बाकावरच्या माणसाला वाचता यावं म्हणून मजकूर २८ च्या खाली नेऊ नका.

‘क्लोज मास्टर व्ह्यू’ करून बाहेर या.

फाइलीत भरणं

पॉवरपॉइंटमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’. अगदी खाली ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’पुढे खूण करा. खाली दोन पर्याय येतात. वापरलेलीच अक्षरं भरायची की सगळी. पहिल्याने फाइल लहान राहते, पण समोरच्याने नवीन मजकूर टाइप केला की त्यातली काही अक्षरं नसतील. जोडाक्षरांच्या लिपीत हा धोका जास्त, म्हणून मी सगळी भरा असं म्हणेन. फाइल वाढते, पण मेलने पाठवता येईल एवढीच. एक अट लक्षात ठेवा: टीटीएफ फाइल असेल तर फॉन्ट बिनघोर भरला जातो, ओटीएफ शेपटाचे बरेच फॉन्ट पॉवरपॉइंट भरून घेत नाही. म्हणून उतरवतानाच टीटीएफ घ्यायची.

इम्प्रेसमध्ये ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट’ या टॅबवर ‘एम्बेड फॉन्ट्स इन द डॉक्युमेंट’. फाइल ओडीपी म्हणूनच, म्हणजे इम्प्रेसच्या स्वतःच्या प्रकारातच, जतन करा.

दोन्हींतून एक पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर ठेवाच. पीडीएफमध्ये अक्षरं आपोआप भरलेली असतात. ॲनिमेशन जाईल, पण मजकूर हलणार नाही. सभागृहात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे चाचणीच्या ओळीची ती स्लाइड उघडून बघणं. ती फाइलीच्या शेवटी लपवून ठेवता येते, स्लाइडवर राइट क्लिक करून ‘हाइड स्लाइड’. फॉन्ट बदललेला दिसला आणि लॅपटॉपवर काही बसवायची परवानगी नसेल, तर सरळ पीडीएफ लावा. भाषणाच्या पाच मिनिटं आधी दुरुस्ती करत बसण्यात अर्थ नाही.

लाटेक वापरणाऱ्यांसाठी थोडंसं

गणित-भौतिकीवाले लाटेक या मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीतल्या बीमरमध्ये स्लाइड करतात. त्यांनी झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरावं. साध्या पीडीएफलाटेकला संगणकावरचे फॉन्ट वापरता येत नाहीत. ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेक संपादकावर ‘कंपायलर’मध्ये हा बदल होतो. देवनागरीसाठी आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा फॉन्ट टेक लाइव्ह या लाटेकच्या संचातच असतो, वेगळा बसवावा लागत नाही. त्याची देवनागरी अक्षरं राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वर बेतलेली आहेत.

इथेही नवख्यांची फसगत एका ठरलेल्या जागी होते. फॉन्टस्पेक हे फॉन्ट निवडायचं पॅकेज घेऊन मुख्य फॉन्ट म्हणून शोभिका लावतात, कंपाइल करतात, आणि स्लाइड कोरी. चूक फॉन्टची नसते. बीमर मुळात सान्स कुळातली (टोकाला फाटे नसलेली) अक्षरं वापरतं, मुख्य फॉन्टकडे ते बघतच नाही. म्हणून शोभिका सान्स फॉन्ट म्हणून लावा आणि पर्यायांत लिपी देवनागरी असं स्पष्ट सांगा. लुआलाटेक असेल तर रेंडरर (अक्षरं जुळवून उमटवणारा भाग) म्हणून हार्फबझही नमूद करा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. लॉग फाइलीत ‘मिसिंग कॅरेक्टर’ असं लिहिलेलं एकही वाक्य उरलं नाही, की फॉन्ट बसला.